नोकरी गेली, पोटात बाळ आहे: आता पुढचं काम कसं ठरवायचं?



या वेळच्या अंकात मी माझीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट सांगायची म्हणून नाही, तर त्यातली एक चूक तुमच्यापैकी कुणाकडून होऊ नये म्हणून.

मी तालुक्याच्या गावी एका खासगी आस्थापनेत बिलं करायचे. कामाला बारा-तेरा माणसं होती. सकाळी खारेपाटणहून एसटी पकडायची, संध्याकाळी परत. अडीच वर्षं काम केलं, पगार १४ हजार होता. नोव्हेंबर महिना, मला पाचवा लागला होता. एक दिवस मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, "धंदा मंद आहे, माणसं कमी करतोय. तुला तसंही आता सुट्टी लागणारच. या कागदावर सही कर, म्हणजे आजपर्यंतचा पगार लगेच देतो." कागदावर लिहिलेलं होतं: "मी माझ्या वैयक्तिक कारणामुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे."

मी सही केली. रडू येत होतं, लाज वाटत होती, कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सही केलंस? वाचलंस तरी काय?" मी वाचलं होतं. पण त्या एका ओळीची किंमत काय, ते मला माहीत नव्हतं.

ती किंमत मला तीन महिन्यांनी कळली. कायद्याची माहिती देणाऱ्या एका शिबिरात वकीलताई बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात हिशोब करत होते. जवळजवळ ८४ हजार रुपये. सहा महिन्यांचा पगार. तो माझा हक्क होता आणि मीच लिहून दिलं होतं की मी स्वखुशीने जाते.

आज माझं बाळ चालायला लागलंय. मी आता ग्रामसंघाचे हिशोब लिहिते आणि गटांच्या मालाची बिलं, लेबलं, पॅकिंग बघते. म्हणजे काम बदललं आणि बरं बदललं. पण मधले महिने फार वाईट गेले. गरोदर असताना नोकरी जाणं म्हणजे दोन चिंता एकदम. त्यामुळे घाई होते आणि घाईत चुका होतात. म्हणून कुठलं काम कशानंतर करायचं, ते क्रमाने सांगते.

एक : नवं काम शोधण्याआधी सही थांबवा

नोकरी गेली की आपण लगेच विचार करतो, आता दुसरं काय करू? तो विचार आठ दिवस बाजूला ठेवा. पहिलं काम म्हणजे जुन्या नोकरीचा हिशोब नीट तोडून घेणं.

कायदा काय म्हणतो, ते साध्या शब्दांत असं आहे. मातृत्व लाभ कायदा १९६१ सालचा आहे, २०१७ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. आता हेच हक्क केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेले आहेत. कारखाना असेल, किंवा १० वा जास्त माणसं असलेलं दुकान, ऑफिस, आस्थापना असेल, तर तिथे हे हक्क लागू होतात.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधीच दोन मुलं असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. अट एकच: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं असावं. गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे.

आता महत्त्वाचं. गरोदरपणात कामावरून काढलं, तरी हा लाभ बुडत नाही. काढलं नसतं तर जी बाई या लाभाला पात्र होती, तिला काढल्यानंतरही तो द्यावाच लागतो. गंभीर गैरवर्तणुकीचा लेखी ठपका असेल तर गोष्ट वेगळी. माझं गणित बघा: तारीख मार्चची, म्हणजे आदल्या मार्चपासूनचे बारा महिने धरायचे. त्यात मी नोव्हेंबरपर्यंत आठ महिने काम केलेलं. ८० दिवस केव्हाच पूर्ण झालेले.

लाभ नाकारला तर काढल्याचं कळल्यापासून ६० दिवसांच्या आत तक्रार करायची असते. मला कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. आणि राजीनाम्यावर माझी सही होती, त्यामुळे "मला काढलं" असं मी म्हणणार तरी कशाच्या जोरावर?

म्हणून पहिला नियम: कागद घरी घेऊन या. "घरच्यांना दाखवून उद्या देते" एवढंच म्हणायचं. भांडायचं नाही, रडायचं नाही. आजच्या आज सही पाहिजे असं कुणी म्हणत असेल, तर ती सही त्याच्या फायद्याची आहे एवढं समजा. कमी करायचंच असेल तर तसं लेखी द्या, असं सांगा. लेखी देत नसतील तर तुम्हीच व्हॉट्सॲपवर साधा मेसेज करा: "आज अमुक तारखेला तुम्ही मला उद्यापासून कामावर येऊ नको असं सांगितलं. मी पाच महिन्यांची गरोदर आहे, हे तुम्हाला माहीत आहे." तो मेसेज पुढे पुरावा होतो.

काहीजणी म्हणतील, "आम्ही कंत्राटी, आम्हाला कुठला कायदा?" तर ऐका. दिल्ली महानगरपालिकेत रोजंदारीवर रस्त्याची कामं करणाऱ्या बायकांनी हाच प्रश्न लावून धरला होता. ८ मार्च २००० रोजी, म्हणजे नेमका महिला दिनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कराराची मुदत संपली म्हणून मातृत्व लाभ मध्येच तुटत नाही.

हा हक्क कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. देशातला असा पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, तो गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्या गिरण्यांमध्ये आपल्या कोकणातल्या किती आज्या-पणज्या कामाला होत्या! त्यांना मिळालेला हक्क आपण एका सहीत घालवायचा का?

मदत कुठे मिळेल? जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार देता येते. आणि बाईला वकील फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा.

दोन : निघताना काय काय मागून घ्यायचं

ही यादी वहीत लिहून घ्या:

- शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे.
- सलग वर्षभर काम झालं असेल आणि कपात म्हणून काढत असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार.
- पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी.
- पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर. आधार आणि बँक खातं त्याला जोडलेलं आहे का, ते बघा. पैसे लगेच काढायची घाई करू नका; ते बुडत नाहीत.
- पगारातून ईएसआय कापत असतील तर तो नंबर. ईएसआयमध्ये बसणाऱ्या बाईला २६ आठवड्यांचा लाभ मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळतो. तो अर्ज वेगळा असतो.
- अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या.

दाखला मागायला लाजू नका. मी लाजले, आणि पुढे बँकेत "काय अनुभव आहे?" असं विचारलं तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

तीन : भीतीचा आकडा नको, खरा आकडा काढा

नोकरी गेल्यावर मला रात्री झोप यायची नाही. डोक्यात एकच: लाखभर रुपये लागतील, कुठून आणणार? शेवटी आमच्या गटाच्या सचिव घरी आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "चल, लिही. रडाचा ता मगे."

आम्ही दहा महिन्यांचा हिशोब केला. बाळंतपणापर्यंतचे चार आणि नंतरचे सहा. सहा का? कारण पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. त्या काळात बाहेरच्या कमाईची आशा धरायची नाही, धरली तर दोघांचे हाल.

दर महिन्याला अगदी लागणारा खर्च असा निघाला: किराणा ३,५००, वीज-गॅस १,२००, दवाखाना आणि गाडीभाडं १,०००, मोबाइल ३००, गटाची बचत २००, कर्जाचा हप्ता १,८००. एकूण ८,०००. नवऱ्याचं चिरेखाणीवरचं काम कधी असतं, कधी नसतं. सरासरी ६,५०० धरले. म्हणजे महिन्याला १,५०० कमी पडणार. दहा महिन्यांचे १५ हजार. त्यात डिंक, मेथी, खारीक, बाळाचे कपडे, दवाखान्याच्या जास्तीच्या फेऱ्या यांचे ९ हजार. झाले २४ हजार.

आता जमेची बाजू. शेवटचा पगार धरून हातात ११ हजार होते. मातृवंदना योजनेचे ५ हजार येणार होते. उरले ८ हजार. भीती लाखाची होती, गरज ८ हजारांची निघाली. चार महिन्यांत महिन्याला दोन हजार मिळवले तरी भागत होतं.

तुमचे आकडे वेगळे असतील. कुणाचं भाडं असेल, कुणाच्या घरात आजारी माणूस असेल. पण आकडा कागदावर आला की माणूस शहाण्यासारखा वागतो. आकडा डोक्यातच राहिला की कुठल्याही कर्जाच्या कागदावर सही करतो.

जमेच्या बाजूला काय धरता येतं, तेही सांगते.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत. ३,००० गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्याचं लसीकरण झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी झाली तर ६,००० एकदम. नोकरीतून कायद्याने मातृत्व लाभ मिळत असेल तर ही योजना नाही. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे. दुसरा हप्ता उशिराने येतो, म्हणून तो बाळंतपणाच्या खर्चात धरू नका.

जननी शिशु सुरक्षा : सरकारी दवाखान्यात बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियन, औषधं, तपासण्या, तिथलं जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत. १०२ आणि १०८ हे नंबर मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा.

जननी सुरक्षा योजना : दारिद्र्यरेषेखालील तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातांना दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये.

लेक लाडकी : १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर. जन्माला ५,०००, मग शाळेच्या टप्प्यांवर रक्कम, आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००.

शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. ती चुकवू नका. पगार बंद झाला की आपण पहिली काटछाट स्वतःच्या दवाखान्याच्या फेरीवर आणि ताटातल्या मासळी-अंड्यावर करतो. तीच करू नका. रक्त कमी राहिलं तर पुढचं कुठलंच काम हातून होणार नाही.

चार : दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

आता नव्या कामाकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती धंद्यांना हंगाम असतो. बाळंतपणालाही तारीख असते. ही दोन कॅलेंडरं एकमेकांवर आदळली तर धंदाही जातो आणि तब्येतही.

माझ्या मनात पहिला विचार मालवणी मसाल्याचा आला. मिरच्या वाळवून, भाजून, कांडून एप्रिल-मेमध्ये मसाला करायचा. सगळं ठरलं. मग लक्षात आलं, तारीख मार्चची. एप्रिलमध्ये मी एक महिन्याची बाळंतीण! मिरची भाजताना तो ठसका, कांडप करताना उभं राहणं, शेजारी तान्हं बाळ. शक्यच नव्हतं.

म्हणून आधी हे बघा.

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. पण काजू फोडण्याच्या कामात टरफलातल्या तेलाने हात भाजतात, आणि धुरात तासन्‌तास बसावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ते काम टाळावं. सोललेल्या गराची प्रतवारी, वजन, पॅकिंग मात्र बसून करता येतं.

एप्रिल-मे म्हणजे रातांबे, फणस, आंबा. आगळ, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, पापड, कुरडया. ही सगळी आगोटीची कामं, कडक उन्हाची. मिरगाच्या आत आटपावी लागतात. भरलेले टोप उचलणं, उन्हात वाकणं हे सातव्या महिन्यानंतर नको.

जून ते सप्टेंबर वाळवण बंद. या काळात घरात बसून होणारी कामं: शिवण, गोधडी, हिशोब, मुलांच्या शिकवण्या, आणि आधी केलेल्या मालाचं पॅकिंग. शेवटी गणपती. चाकरमानी येतात तेव्हा मसाला, आगळ, काजू, कोकम सगळं खपतं आणि मोदकांच्या ऑर्डरी निघतात.

आता स्वतःची तारीख या कॅलेंडरवर ठेवा. तीन रकाने करा. पहिला, आता ते बाळंतपण : बसून होणारं, ओझं नसलेलं, रोख पैसे देणारं छोटं काम. दुसरा, बाळंतपण ते सहा महिने : कमाई शून्य धरा, जमलं तर शिकणं, फोनवर चौकशी, भाव विचारून ठेवणं. तिसरा, सहा महिन्यांनंतर : खरं नवं काम इथे सुरू होतं. भांडवल, कर्ज, यंत्र, सगळं या तिसऱ्या रकान्यातलं आहे. बहुतेकजणी घाबरून तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात ओढतात. आठव्या महिन्यात चक्की घेतात आणि बाळंतपणात हप्ते थकतात.

पाच : नवं शिकण्याआधी, हातात काय आहे ते बघा

काम बदलायचं म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची, असं नाही. आपलं खारेपाटणच बघा. एकेकाळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं इथपर्यंत माल घेऊन यायची. खाडी गाळाने भरत गेली, गलबतं थांबली, व्यापार रस्त्यावर आला. वाट बदलली, पण वजन-माप, उधारी, गिऱ्हाइकाची पारख हे ज्ञान तेच राहिलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका होत्या, त्यातल्या कितीतरी घरची कमाई बुडाली म्हणून चुलीपुढे बसलेल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांची संघटना केली, अन्नपूर्णा महिला मंडळ. त्या बायकांना कुणी नवा धंदा शिकवला नाही. त्या रोज करत होत्या तोच स्वयंपाक, पण आता बँकेचं कर्ज, हिशोब आणि एकमेकींची साथ मिळाली, आणि सावकाराचं व्याज सुटलं.

म्हणून वहीत एक पान करा: "जुन्या नोकरीत मी काय काय करत होते?" नोकरीचं नाव लिहू नका, काम लिहा. मी लिहिलं: बिल करणं, स्टॉक मोजणं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं, थकबाकी मागणं, कॉम्प्युटरवर टायपिंग. मग गटात विचारलं, यातलं कुणाला काही पाहिजे का? आमच्या वाडीतल्या तीन गटांची हिशोबाची पुस्तकं मागे पडलेली होती. ती मी लिहायला घेतली. महिन्याला दोन हजारांच्या आसपास मिळू लागले, तेही घरात, पाय लांब करून बसून. पहिल्या रकान्यातलं काम मिळालं!

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा गणपती तोंडावर होते. गटांचा मसाला, आगळ तयार होता, पण ना लेबल, ना बिल, ना वजनाची खात्री. ते काम मला येत होतं. तिथून माझी वाट बदलली.

कापड दुकानात होतीस तर मापं आणि कापडाची जाण आहे. दवाखान्यात मदतनीस होतीस तर बाळंतिणीची सेवा करता येईल. हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतीस तर शंभर माणसांचा अंदाज आहे. ज्याला आपण "काय ता येवढा!" म्हणतो, त्यालाच दुसरी बाई पैसे देते.

सहा : कर्ज, प्रशिक्षण आणि फसवणूक

हे सगळं तिसऱ्या रकान्यातलं, पण माहिती आतापासून घ्या.

जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणही. तान्ह्या बाळाला घेऊन जाणं कठीण, म्हणून बाळ थोडं मोठं झाल्यावरची तुकडी विचारा.

पीएमईजीपी योजनेत ग्रामीण महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ते अनुदान हातात रोख येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. हप्ते तर भरावेच लागतात. खाद्यप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेतही ३५ टक्के अनुदान आहे, आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल गट-संघामार्फत मिळू शकतं. घरी खाण्याचे पदार्थ करून विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या धंद्याला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि सावध राहा. घरी बसलेल्या गरोदर बाईच्या मोबाइलवर "घरबसल्या पॅकिंग करा, महिन्याला २५ हजार" असे मेसेज येतात. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. दारावर येणारं आठवड्याच्या हप्त्याचं कर्जही या काळात नको. बाळंतिणीला दर आठवड्याला हप्ता गोळा करणं जमत नाही.

सात : गटाने काय करायचं

हे फक्त त्या बाईचं काम नाही. गटात कुणाची नोकरी गेली आणि ती दिवसातली असेल, तर बैठकीत हे विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहा:

- तिच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते बाळंतपणाच्या महिन्यांत पुढे ढकलायचे का? ठराव करा, म्हणजे ती थकबाकीदार ठरणार नाही.
- पुढच्या काही बैठका तिच्या ओटीवर घ्यायच्या का?
- मालकाकडे किंवा कामगार कार्यालयात जाताना तिच्यासोबत कोण जाईल? एकटी गेली की उद्या या म्हणतात, दोघी गेल्या की ऐकून घेतात.
- घरगुती बोलणं कोण करेल? काही घरांत "नोकरी तुझ्याच पायगुणाने गेली" इथपर्यंत बोलणी जातात. सासूच्या वयाच्या एखाद्या काकीने जाऊन दोन शब्द सांगितले तर फरक पडतो.

आणि बाळंतपणानंतर ती सारखी रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, तर "होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंना सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत बोलता येतं. माझ्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकी रोज संध्याकाळी येऊन तासभर बाळ घ्यायच्या. मी तेवढ्यात झोपायचे. तो एक तास मला औषधासारखा लागू पडला.

शेवटचं

मला ते ८४ हजार परत मिळाले नाहीत. पण आज आमच्या गटातल्या प्रत्येकीला २६ आठवडे, ८० दिवस आणि ६० दिवस हे तीन आकडे पाठ आहेत. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीला असाच कागद पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "घरी दाखवून देते." कागद घेऊन थेट बैठकीत आली. तिची रजा मंजूर झाली. त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "तुझी चूक वाया गेली नाय गो."

तुमच्या पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. गटातली जी लेक, सून, भाची बाहेर नोकरीला आहे, तिला आजच फोन करून ते तीन आकडे सांगावेत. तिला दिवस गेले नसले तरी सांगावेत. गरज पडेल तेव्हा ते डोक्यात असले पाहिजेत.